धड्यातले वस्तुमान, घरातले वजन

शेजारची एक मुलगी गेल्या वर्षी दहावीत होती. सहामाहीचा विज्ञानाचा पेपर हातात पडला त्याच संध्याकाळी ती तो घेऊन माझ्याकडे आली. एका उत्तरात तिने गव्हाच्या पोत्याचे वजन ५० किलोग्रॅम लिहिले होते. बाईंनी त्यावर लाल फुली मारून समासात 'एकक?' एवढेच लिहिले होते. मुलीच्या वडिलांचे भुसार मालाचे दुकान आहे. तिचा प्रश्न साधा होता. 'काका, मग बाबा रोज चुकीचं मोजतात का?'

बाईंचे बरोबर होते. शास्त्रात वजन हे बल आहे, ते न्यूटनमध्ये मोजायचे. त्या पोत्याचे उत्तर सुमारे ४९० न्यूटन यायला हवे होते. मुलीचेही बरोबर होते. सरकारी शिक्का मारलेल्या लोखंडी मापावर किलोच लिहिलेले असते आणि त्या मापाला सगळा महाराष्ट्र वजन म्हणतो. दोघी बरोबर असताना फुली पडली, याचा अर्थ दोघींच्या मध्ये जे पुस्तक होते त्याचे एक काम करायचे राहून गेले होते. ते काम कोणते, हे शोधण्याचा हा प्रयत्न आहे.

मी विज्ञानाचा शिक्षक नाही. दहावीनंतर आयटीआयमध्ये वायरमनचा अभ्यासक्रम केला, पुढे तीसेक वर्षे लोकांच्या घरांत आणि मळ्यांत वायरिंग केले. त्याच काळात रद्दीच्या दुकानांतून जुनी शालेय पुस्तके उचलायचा नाद लागला. तेव्हा इथे जे लिहितो आहे ते वाचकाच्या आणि कामगाराच्या नजरेतून आहे, तज्ज्ञाच्या नाही. समोर पुस्तके ठेवली आहेत ती बालभारतीची: नववीचे २०१७चे, आठवीचे आणि दहावीचे २०१८चे. त्यातले आठवीचे 'अणूचे अंतरंग' आणि 'आरोग्य व रोग', नववीचा 'कार्य आणि ऊर्जा', दहावीचे 'गुरुत्वाकर्षण' आणि 'हरित ऊर्जेच्या दिशेने' हे धडे मी पुन्हा पुन्हा वाचले. नव्या अभ्यासक्रमाची पुस्तके पहिलीपासून यायला लागली आहेत. या इयत्तांपर्यंत ती पोचायला अजून अवधी आहे, म्हणून बोलायची वेळ हीच.

आधी श्रेय. ही पुस्तके वाईट नाहीत. गुरुत्वाकर्षणाच्या धड्याची बांधणी तर मला फार आवडते. वर्तुळाकार गती, मग केप्लरचे नियम, आणि कक्षा वर्तुळाकार धरून केप्लरच्या तिसऱ्या नियमातून न्यूटनचा व्यस्त वर्गाचा नियम कसा निघतो, हे दहावीच्या मुलाला झेपेल अशा गणिताने दाखवले आहे. सफरचंदाची गोष्ट सांगून सूत्र हातात ठेवण्यापेक्षा हे कितीतरी प्रामाणिक आहे. उत्क्रांतीही दहावीच्या पुस्तकात आहे. २०२३मध्ये केंद्रीय मंडळाच्या दहावीच्या पुस्तकातून डार्विनचा भाग आणि मूलद्रव्यांच्या आवर्ती वर्गीकरणाचा अख्खा धडा काढला गेला, तेव्हा आपल्या राज्याच्या पुस्तकात दोन्ही होते. ही लहान गोष्ट नाही.

माझी तक्रार माहितीबद्दल नाहीच. मराठी मूल शाळेत येते ते रिकाम्या हाताने येत नाही. वजन, ताप, शक्ती, काम, रोग, जोर, ओढ असे शब्द ते घरून घेऊन येते आणि प्रत्येक शब्दात कुणाचा तरी पिढ्यान्‌पिढ्यांचा अनुभव असतो. पुस्तक त्याला दुसरा शब्द देते, किंवा तोच शब्द वेगळ्या अर्थाने देते. ते अपरिहार्यच आहे. शास्त्राला काटेकोर शब्द लागतात. पण जुन्या आणि नव्या शब्दाची गाठ घालून द्यायला पुस्तक थांबत नाही. त्यामुळे मुलाच्या डोक्यात दोन खाती उघडतात, एक परीक्षेचे, एक घरचे. या खात्यातून त्या खात्यात कधी काही जमा होत नाही.

वजनाचेच घ्या. दहावीच्या पुस्तकाला हा गोंधळ ठाऊक आहे आणि त्याने तो लपवलेला नाही. बोलण्यातले वजन वेगळे आणि शास्त्रातले वेगळे हे तिथे सांगितले आहे. पण सांगून धडा पुढे जातो, आणि परीक्षेत उरतो तो दोन रकान्यांचा फरक. वस्तुमान सगळीकडे सारखे, वजन जागेनुसार बदलते. वस्तुमान शून्य होत नाही, वजन होऊ शकते. मुले हे घडाघडा म्हणतात.

मी त्या मुलीला घेऊन तिच्या वडिलांच्या दुकानात गेलो. माळ्यावर जुनी तागडी होती, भिंतीला अडकवलेला ताणकाटा होता आणि गल्ल्याजवळ इलेक्ट्रॉनिक काटा. धड्याचे दोन्ही रकाने त्या दुकानात होते. तागडीच्या दोन्ही पारड्यांवर पृथ्वीची ओढ सारखीच असते, म्हणून तागडी वस्तुमानाची वस्तुमानाशी तुलना करते. ती चंद्रावर नेली तरी १ किलो गहू १ किलोच्या मापानेच तोलला जाईल. ताणकाट्याचे तसे नाही. त्यातली स्प्रिंग ओढीने ताणते, म्हणून तो बल मोजतो. चंद्रावर तोच गहू त्याच्यावर एक षष्ठांश दिसेल. चंद्र राहू द्या. विषुववृत्तावर अचूक बसवलेला ताणकाटा ध्रुवावर नेला तर १ किलोला सुमारे ५ ग्रॅम जास्त दाखवील. आणि इलेक्ट्रॉनिक काटा? त्याच्या आतला धातूचा तुकडा भाराने किंचित वाकतो, त्यावरून विजेचा संकेत बदलतो आणि आकडा उमटतो. म्हणजे हा काटा मोजतो वजन आणि सांगतो वस्तुमान. तो ज्या जागी वापरायचा तिथे प्रमाणित मापाने बसवून घेतात, म्हणून हे खपून जाते.

मुलीचे वडील हे सगळे ऐकत होते. ते म्हणाले, 'म्हणजे मी किलो म्हणतो ते बरोबर, फक्त त्याला वजन म्हणू नये.' इतके नेमके वाक्य मला कुठल्याही गाइडात सापडलेले नाही.

इथे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. हा गोंधळ एकट्या मराठीचा नाही. इंग्रजी बोलणारा माणूसही आपले वेट किलोत किंवा पौंडातच सांगतो आणि त्यांच्या शिक्षकांनाही तेच समजावत बसावे लागते. मराठीची खास अडचण पुढच्या शब्दात आहे, आणि तो शब्द धड्याच्या मथळ्यातच आहे.

गुरू म्हणजे जड. गुरुत्व म्हणजे जडपणा. गुरुत्वाकर्षण हा शब्द संस्कृत समजणाऱ्याच्या कानाला जडपणाची ओढ असा ऐकू येतो. मग जे जड ते जास्त ओढले जाणार, ते आधी खाली पडणार, ही प्रत्येक मुलाच्या मनात असलेली समजूत शब्दानेच पक्की होते. तिचा पहिला अर्धा भाग खरा आहे: जड दगडावरची ओढ खरोखरच जास्त असते. दुसरा अर्धा चुकीचा आहे, कारण जड दगड हलवायलाही त्याच प्रमाणात जास्त बल लागते. दोन्ही वाढी एकमेकींना छेदून जातात आणि त्वरण सारखेच उरते. ऑगस्ट १९७१मध्ये अपोलो-१५चा अंतराळवीर डेव्हिड स्कॉट याने चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडून हे कॅमेऱ्यासमोर दाखवले. तिथे हवा नाही, म्हणून दोन्ही बरोबर जमिनीला टेकली. मुक्त पतनाच्या भागात गुरुत्व या शब्दाची ही फोड करून 'शब्द असे सुचवतो, निसर्ग असे वागतो' एवढे म्हटले असते तर चार ओळींत काम झाले असते.

याच शब्दाची धाकटी बहीण म्हणजे वजनरहित. अंतराळस्थानकात तरंगणारी माणसे पाहून मुले म्हणतात, वर गुरुत्वाकर्षण नसते. साधारण ४०० किलोमीटर उंचीवर पृथ्वीची ओढ जमिनीवरच्या ओढीच्या जवळजवळ ८९ टक्के असते. माणसे तरंगतात, कारण ती आणि त्यांचे यान दोन्ही सतत पृथ्वीकडे पडत असतात. व्यस्त वर्गाचे सूत्र पाठ असलेल्या किती मुलांनी हा आकडा स्वतः काढून पाहिला असेल? दोन ओळींचा हिशोब आहे.

गुरुत्वाकर्षण आले की आपल्याकडे भास्कराचार्य येतातच, म्हणून त्याबद्दल थोडे. ११५०च्या सिद्धान्तशिरोमणीतल्या गोलाध्यायात पृथ्वीला आकर्षणाची शक्ती आहे आणि ती आकाशातल्या जड वस्तूला स्वतःकडे ओढते असे विधान आहे, हे खरे. त्यामागचा प्रश्नही अस्सल आहे: पृथ्वीला कोणाचाच आधार नसेल तर ती खाली का पडत नाही? पण त्यावरून 'न्यूटनच्या आधी आपणच' असा निष्कर्ष काढणारे लोक भास्कराचार्यांचे आणि न्यूटनचे, दोघांचेही नुकसान करतात. १६८७च्या ग्रंथात न्यूटनने सांगितले ते असे की झाडावरून पडणारे फळ आणि पृथ्वीभोवती फिरणारा चंद्र एकाच नियमाने बांधलेले आहेत, आणि तो नियम आकड्यांत तपासता येतो. चंद्र पृथ्वीच्या त्रिज्येच्या सुमारे ६० पट अंतरावर आहे, तेव्हा त्याचे पृथ्वीकडचे त्वरण इथल्याच्या ३६०० पट कमी हवे. चंद्राच्या फेरीच्या काळावरून हिशोब केला की ते तसेच निघते. भास्कराचार्यांची ओढ पृथ्वीपुरती होती आणि तिला अंतराचे गणित नव्हते. हा फरक समजून सांगितला तर बाराव्या शतकातल्या त्या माणसाची प्रश्न विचारण्याची ताकद उलट जास्त उठून दिसते.

आता अणू. शब्दांच्या इतिहासाच्या दृष्टीने सगळ्यात सुरस प्रकरण हेच, आणि पुस्तके त्याला शिवतही नाहीत.

मराठीत द्रव्याचा मूळ कण म्हणजे अणू आणि अणू जुळून होतो तो रेणू. हिंदीत मूळ कण परमाणु आणि जुळून होतो तो अणु. गुजराती, बंगाली, कन्नड, तेलुगू यांचा संसारही परमाणु-अणु असाच. म्हणजे आजूबाजूच्या बहुतेक भाषा एका बाजूला आणि मराठी दुसऱ्या बाजूला. पाण्याचा अणु हे हिंदीत शुद्ध आहे, मराठीत ती चूक आहे. आजची मुले मोबाइलवर विज्ञानाचे व्हिडिओ बघतात ते बहुधा हिंदीत. त्यातला अणु आणि वर्गातला अणू या दोन वेगळ्या वस्तू आहेत, हे त्यांना कोणी सांगत नाही. एका मुलाने मला विचारले होते की हिंदीवाले चुकतात का. कोणीच चुकत नाही. वाटण्या वेगळ्या झाल्या एवढेच.

वाटण्या कशा झाल्या असतील ते पाहायला वैशेषिक दर्शनाकडे जावे लागते. कणादांच्या परंपरेत अंतिम कण परमाणू. दोन परमाणूंचे द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचे त्र्यणुक, आणि हे त्र्यणुक म्हणजे डोळ्यांना दिसू शकणारी सर्वांत लहान वस्तू. कवडशात नाचणारे धुळीचे कण, त्रसरेणू, ही त्याची ओळख. रेणू म्हणजे मुळात धूळ. मराठीने धुळीचा शब्द उचलून जुळलेल्या कणासाठी ठेवला आणि 'परम' गाळून मूळ कणाला नुसता अणू म्हटले. हिंदीची वाटणी दर्शनाला जास्त जवळची आहे, मराठीची तोंडाला जास्त सुटसुटीत. मला बदल नको आहे. पण अशा जागी एक चौकट टाकली तर मुलाला कळेल की परिभाषा आभाळातून पडत नाही, माणसे ती ठरवतात.

वैशेषिकांचा आणि नैयायिकांचा एक वाद तर वर्गात करून बघण्यासारखा आहे. कच्चे मडके भट्टीत घातले की लाल होते. हा बदल कुठे होतो? वैशेषिक म्हणत, मडके परमाणूंपर्यंत सुटते, परमाणूंचा रंग बदलतो आणि ते पुन्हा जुळतात. नैयायिक म्हणत, अख्खे मडके तसेच राहून बदलते. पीलुपाक आणि पिठरपाक अशी त्यांची नावे. वाद उत्तम होता, पण तो तर्कानेच लढला गेला, मडके आधी आणि नंतर तोलून पाहण्याची गरज कोणाला वाटली नाही. जॉन डाल्टनचा १८०८च्या ग्रंथातला अणू तोलण्यातूनच आला. ठरावीक प्रमाणातच पदार्थ एकमेकांशी जुळतात हे रसायनतज्ज्ञांनी तागडीवर पाहिले होते, आणि त्याचे कारण डाल्टनने अणूंच्या ठरावीक भारांत शोधले. भुसार दुकानातली तागडी आणि अणू यांचे असे जवळचे नाते आहे. वजनाचा धडा दहावीत आणि अणूचा आठवीत असल्याने दोघांची भेट होत नाही.

रदरफोर्डच्या १९११च्या अणूबद्दल पुस्तकात जे आहे ते पुरेसे आहे. केंद्रक अणूच्या सुमारे एक लाखांश, हे प्रमाण मात्र डोळ्यांपुढे उभे करायला हवे. केंद्रक ज्वारीच्या दाण्याएवढे धरले तर अणू साधारण ४०० मीटर रुंद होतो, म्हणजे गावाबाहेरच्या एखाद्या मोठ्या रानात मधोमध एक दाणा.

ऊर्जेच्या धड्यात मराठीला एक आयता फायदा मिळाला आहे. हमाल डोक्यावर पोते घेऊन सपाट रस्त्याने चालला तर त्याने पोत्यावर गुरुत्वाच्या विरुद्ध केलेले कार्य शून्य, हे उदाहरण ऐकून कष्टकऱ्याच्या मुलाला राग येतो आणि तो यावाच. इंग्रजीत दोन्हीला एकच शब्द असल्याने तिथे शिक्षकाची पंचाईत होते. आपल्याकडे म्हणता येते: काम झाले, घाम गळला, स्नायूंनी अन्नातली ऊर्जा खर्च केली, पोत्यावर कार्य मात्र झाले नाही. (घरात कार्य म्हणजे लग्नमुंज, ते सोडा.) हा फायदा पुस्तकाने जोर देऊन वापरला असता तर बरे झाले असते.

पण शक्ती या शब्दाने सगळी कमाई घालवली. घरात शक्ती म्हणजे अंगातला जोम, टॉनिक पिऊन येते ती. मुंबईत अणुशक्तीनगर आहे, सरकारी खात्याचे नाव अणुऊर्जा विभाग आहे, आणि लोकांच्या लेखी दोन्ही एकच. नववीत मात्र शक्ती म्हणजे कार्य करण्याचा दर, वॅटमध्ये मोजायचा. माझ्या धंद्यात हा फरक रोज लागतो. शक्ती म्हणजे लोड, ऊर्जा म्हणजे मीटरवरचे युनिट. १ किलोवॅटचा गीझर तासभर चालला की १ युनिट, म्हणजे ३६ लाख ज्यूल. ही सांगड धड्यात आहे. पण 'किती वॅटचं बिल आलं' असे विचारणारे पदवीधर मला आठवड्याला एक तरी भेटतात.

खेड्यातल्या मुलासाठी तर याहून चांगले उदाहरण शेतात उभे आहे. कृषिपंपाला मीटर असेल तर बिल युनिटवर येते. मीटर नसेल तर पंपाच्या अश्वशक्तीवर. म्हणजे मीटरवाल्या शेतकऱ्याचे बिल ऊर्जेचे आणि बिनमीटरवाल्याचे शक्तीचे. ५ अश्वशक्तीचा पंप म्हणजे सुमारे ३.७ किलोवॅट. मोटारीतली गळती बाजूला ठेवली तरी तो ८ तास चालला तर जवळजवळ ३० युनिटे, २ तास चालला तर साडेसात. बिनमीटरच्या बिलात दोघांचा आकडा सारखाच. ही पद्धत बरी की वाईट यावर वर्गात वाद घालायला शक्ती आणि ऊर्जा यांतला फरक कळावाच लागतो. वीजकेंद्रांचेही तेच. चंद्रपूरचे औष्णिक केंद्र २९२० मेगावॅटचे, कोयना १९६० मेगावॅटची. हे आकडे शक्तीचे आहेत. वर्षभरात किती वीज झाली ते यावरून कळत नाही, कारण कोयनेचे किती पाणी पश्चिमेला वळवायचे यावर लवादाची वार्षिक मर्यादा आहे आणि ती केंद्रे गरजेच्या वेळी चालवायची असतात. आकडे पाठ करायला लावणाऱ्या प्रश्नाने हे कधीच बाहेर येणार नाही.

'आरोग्य व रोग' या धड्यात खरी जोखीम आहे, कारण वजनाच्या चुकीने एक गुण जातो, इथे माणूस जातो. काविळीचे उदाहरण बघा. कावीळ म्हणजे डोळे आणि कातडी पिवळी पडणे, हे लक्षण आहे. त्यामागे दूषित पाण्यातून आलेला विषाणू असेल, रक्तातून आलेला असेल, पित्ताच्या वाटेतला खडा असेल किंवा दारूने खराब झालेले यकृत असेल. घरच्या भाषेत मात्र कावीळ हाच एक रोग आहे आणि तो उतरवता येतो. उतरवणारा हातावर काही चोळतो, चुन्याच्या निवळीने हात धुतो आणि पाणी पिवळे होते. अंधश्रद्धा निर्मूलनाचे कार्यकर्ते आंब्याच्या सालीचा रस हाताला लावून हे कोणासमोरही करून दाखवतात. आम्लारीमुळे रंग बदलण्याचा हा खेळ आहे. आठवीच्याच पुस्तकात आम्ल-आम्लारींचा धडा आहे, दर्शकांनी रंग बदलतात हे तिथे शिकवतात. दहा धडे मागे रोगाची माहिती आहे. दोन धड्यांना जोडणारा पूल मुलाच्या आजीच्या घरात उभा आहे, पुस्तकात नाही. आणि दूषित पाण्याने होणारी विषाणूजन्य कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप बरी होते, म्हणून उतरवणाऱ्याला यश मिळते, हेही सांगायला हवे. ते न सांगता नुसते 'डॉक्टरांकडे जावे' म्हटले तर आजीचा अनुभव खोटा ठरतो, आणि अशा भांडणात जिंकते आजीच.

घरचा शब्द विज्ञानाच्या आड येतोच असे मात्र नाही. देवी या रोगाचे नावच देवीचे. अंगावर फोड म्हणजे देवीचे आगमन, उपचार करणे म्हणजे तिचा अपमान. १४ जून १८०२ रोजी मुंबईत अ‍ॅना डस्टहॉल या तीन वर्षांच्या मुलीला लस टोचली गेली, भारतातले ते पहिले यशस्वी लसीकरण. पुढे लस टोचण्याला मराठीने जो शब्द दिला तो 'देवी काढणे'. लस हाही घरचाच शब्द, फोडातून येणारा चिकट स्राव. आणि त्या काळी टोचले जात होते ते खरोखर तेच. लोकांनी देवीला हाकलले नाही, तिला काढून घेतले. माझ्या पिढीच्या दंडावर तिचा वण आहे. १९८०मध्ये जगातून हा रोग संपल्याची घोषणा झाली. हे यश शब्दामुळे आले असे मी म्हणणार नाही. त्यामागे लस, माणसे आणि पैसा होता. पण शब्द आड आला नाही. लसीकरणावरच्या भागात ही हकीकत आठवीच्या मुलाला वाचायला मिळाली असती तर त्याने घरी जाऊन आजोबांचा दंड पाहिला असता.

राहता राहिला कंस. या पुस्तकांत पारिभाषिक शब्द आला की पुढे कंसात इंग्रजी शब्द असतो. हेतू चांगला आहे, पुढे इंग्रजीत शिकायचे तर ओळख असावी. व्यवहारात काय होते ते कोणत्याही शिकवणीत जाऊन बघावे. मुले कंसाखाली रेघ मारतात. मराठी शब्द दोन वर्षांचा पाहुणा आहे हे त्यांना ठाऊक असते, कारण अकरावी विज्ञान प्रत्यक्षात इंग्रजीतच चालते. सेमी-इंग्रजी वर्गांत तर पाहुणाही आलेला नसतो. तिथे मुलगा मराठी शाळेत बसून विज्ञान इंग्रजीत पाठ करतो. पालकांना मी दोष देत नाही. माझ्या मुलालाही मी सेमीलाच घातले होते, आणि मराठीतल्या विज्ञानावर लिहिताना ही गोष्ट दडवणे बरे दिसणार नाही. त्याने मला एकदा विचारले होते, मराठी शब्द शिकून करायचे काय? तेव्हा माझ्याजवळ उत्तर नव्हते. आज एवढे म्हणेन की मराठी परिभाषेचा उपयोग एकाच ठिकाणी आहे, घरच्या शब्दाशी भांडण करता येण्यात. वजन आणि वस्तुमान शेजारी ठेवले की बाबांचा काटा आठवतो. ते भांडणच पुस्तकाने टाळले तर वस्तुमान हा निव्वळ एक अवघड शब्द उरतो, आणि अवघड शब्दच शिकायचा तर इंग्रजी का नको, हा पालकांचा सवाल बिनतोड ठरतो.

नव्या पुस्तकांच्या मंडळींकडून मी काही नवे धडे मागत नाही. प्रत्येक धड्यात अशी एक जागा असते जिथे घरचा शब्द आणि शास्त्राचा शब्द एकमेकांवर आदळतात. तिथे पानभर थांबावे, आणि परीक्षेतही फरकाचे दोन रकाने मागण्याऐवजी दुकानातला काटा, पंपाचे बिल, काविळीचे पिवळे पाणी यांवर विचारावे.

ती मुलगी आता अकरावी विज्ञानाला आहे. परवा भेटली तेव्हा म्हणाली, आता गोंधळ होत नाही, मास आणि वेटच्या व्याख्या पाठ आहेत. बाबांच्या काट्याबद्दल तिने पुन्हा काही विचारले नाही.